सांगणं आणि विचारणं

टीबीच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडते. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की काही तासांत लघवी लालसर नारिंगी होते. घामाचा फिकट डाग बनियनवर उमटतो, डोळ्यांतलं पाणी पुसलं तर रुमालाला रंग लागतो. हा रंग रिफाम्पिसीनचा. ते औषध मुळातच विटकरी लाल आहे. शरीरात शिरतं, काम करतं आणि बाहेर पडताना रंग घेऊन जातं. त्याने काही अपाय होत नाही. पण ज्याला हे कुणी सांगितलेलं नसतं त्याला लघवीतून रक्त जातंय असंच वाटणार. घरातलं वडीलधारं माणूस म्हणणार, गोळ्या गरम पडल्या, चार दिवस बंद ठेवून बघ. आणि पाकीट फळीवर जाणार. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो तोच रंग बघून निर्धास्त होतो, औषध अंगात गेलं याची त्याला खूण पटते. गोळी तीच आणि माणसाचं शरीरही तसंच. मध्ये फक्त दोन वाक्यं आहेत, एकाला सांगितलेली आणि दुसऱ्याला न सांगितलेली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या या स्मृतिव्याख्यानमालेत आज मला या दोन वाक्यांविषयीच बोलायचं आहे. टीबीचं औषध सुरक्षित आहे का, असा प्रश्न आपण गोळीपुरता विचारतो, आणि म्हणून त्याचं उत्तर चुकतं. गोळी कारखान्यातून निघते तेव्हा ती फक्त शुद्ध असते. ती सुरक्षित होते ती सुरू करण्याआधी काय सांगितलं आणि सुरू झाल्यावर दर महिन्याला काय विचारलं त्यावर. हे सांगणं आणि विचारणं म्हणजे उपचारावरची सौजन्याची झालर, अशी आपल्याकडे समजूत आहे. माझं म्हणणं असं की तो औषधाचाच भाग आहे, मात्रेइतकाच.

आधी एक शंका दूर करू. औषधाला इतकं जपावं लागत असेल तर ते घ्यावंच कशाला, असं कुणी म्हणेल. औषध नव्हतं तेव्हा काय होत होतं ते मराठी घरांना ठाऊक आहे. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. आणि ही गोष्ट एकट्यादुकट्याची नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६० च्या दशकात आसपासच्या खेड्यांत पाच वर्षं पाहणी केली. ज्यांच्या बेडक्यात जंतू सापडले होते त्यांतले जवळपास निम्मे पाच वर्षांत मरण पावले होते आणि साधारण पाचातला एक अजूनही जंतू पसरवत होता. आजही जगातल्या दर चार क्षयरुग्णांत एक भारतीय आहे. औषध न घेण्यातला धोका मोजून झालेला आहे आणि घेण्यातला धोका त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही घेण्यातला धोका खरा आहे, आणि तो खरा असल्यामुळेच लपवता येत नाही.

या रोगाने औषधाविषयी पहिला धडा फार लवकर दिला. स्ट्रेप्टोमायसीन १९४३ मध्ये सापडलं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १०७ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली आणि १९४८ मध्ये निकाल छापले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण गेले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. चमत्कारच वाटावा असा आकडा. पण पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा पहिल्या गटातले ३२ गेले होते आणि दुसऱ्यातले ३५. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. तेव्हापासून क्षयाला एक औषध कधी देत नाहीत. दोन, तीन, चार मिळून देतात, म्हणजे एकातून निसटलेला जंतू दुसऱ्यात सापडतो. दीड-दोन वर्षांचा उपचार सहा महिन्यांवर आला तो पुढे रिफाम्पिसीन आणि पायराझिनामाइड यांच्या जोडीमुळे. आपल्याकडे आज साध्या टीबीला पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसीन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं एकाच गोळीत असतात, नंतरचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. म्हणजे जंतूला घेरण्यासाठी आपण एकाच माणसाच्या यकृतावर, डोळ्यांवर, नसांवर एकदम चार औषधांचा भार टाकतो. हा सौदा योग्य आहे. पण सौदा करताना दुसऱ्या बाजूला त्यातली अट सांगायची असते.

दुसरा धडा भारताने जगाला दिला. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग उपचार केंद्र निघालं. तोवर समज असा होता की क्षय बरा व्हायचा तर सॅनेटोरियम हवं, चांगली हवा, चांगलं अन्न आणि पलंगावरची विश्रांती हवी. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असं सॅनेटोरियम होतंच. मद्रासच्या संशोधकांनी गरीब वस्तीतले रुग्ण दोन गटांत वाटले. अर्धे सॅनेटोरियममध्ये, अर्धे आपल्याच दाटीवाटीच्या घरात, औषधं दोघांना सारखी. १९५९ मध्ये निष्कर्ष आले : वर्षअखेर बरं होण्यात म्हणावा असा फरक नव्हता आणि घरातल्या इतरांना लागण होण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं. जगभरची सॅनेटोरियमं बंद होण्यामागे या अभ्यासाचा मोठा हात आहे. गरिबाच्या बाजूने लागलेला तो फार मोठा निकाल होता, आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. फक्त त्यानंतर एक गोष्ट निसटली. सॅनेटोरियममध्ये रोज सकाळी परिचारिका पलंगापाशी यायची, जेवण गेलं का विचारायची, डोळ्यांत बघायची. औषध घरी आलं, ती मात्र आली नाही. तिच्या जागी आपण काय पाठवलं? गोळी गिळली की नाही हे बघणारं माणूस. गिळणं बघणारा आणि अपाय बघणारा, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आपण वर्षानुवर्षं नेटाने केलं आणि दुसरं त्यातच आलं असं धरून चाललो.

ते त्यात येत नाही, याचा पुरावा अमेरिकेतल्या दोन घटनांत आहे. औषध एकच, आयसोनियाझिड. १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिल भागातल्या सरकारी कर्मचाऱ्यांमध्ये टीबी पसरला. ज्यांना लागण झाली होती पण आजार नव्हता अशा २,३२१ जणांना प्रतिबंध म्हणून हे औषध सुरू केलं. त्यांतल्या १९ जणांना यकृताचा दाह झाला आणि दोघे दगावले. धडधाकट माणसं होती ती. औषधाच्या नावाला त्यामुळे मोठा डाग लागला. आता दुसरी घटना. सिअ‍ॅटल शहराच्या क्षयरोग दवाखान्याने १९८९ ते १९९५ या सात वर्षांत हेच औषध ११,१४१ जणांना दिलं. सुरुवातीलाच प्रत्येकाला खुणा सांगितल्या : भूक मेली, उलट्या झाल्या, अंगात त्राण उरलं नाही, लघवी गडद झाली, तर गोळी थांबवा आणि या. मग दर महिन्याला परिचारिका तेच विचारत राहिल्या. सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या सरसकट केल्या नाहीत. यकृताला इजा झाली अकरा जणांना, एकाला रुग्णालयात ठेवावं लागलं, मृत्यू एकही नाही. दोन ठिकाणच्या माणसांची वयं, दारूच्या सवयी, इजा कशाला म्हणायचं याची व्याख्या, यांत फरक होते हे मान्य करून बोलावं लागेल. सगळी तफावत विचारपुशीच्या खाती जमा करणं बरोबर होणार नाही. पण मधल्या काळात त्या रेणूत काही सुधारणा झाली नव्हती. यकृताची इजा बहुधा एका रात्रीत होत नाही. आधी जेवण जात नाही, मग मळमळ, मग उलटी, मग डोळे पिवळे. जो माणूस मळमळ सुरू झाल्यावरही गोळी घेत राहतो त्याच्या जिवावर बेततं, आणि जो तेव्हाच थांबून दाखवतो तो बहुतेक वेळा वाचतो, पुढे डॉक्टर एकेक औषध पुन्हा सुरूही करू शकतात. मधले आठ-दहा दिवस कळीचे असतात, आणि त्या दिवसांत रुग्णाच्या घरात असतो तो फक्त रुग्णच. त्याला माहीत नसेल तर कुणालाच माहीत नसतं.

मग सांगायचं काय? इथे थोडं थांबून बारकाईने बघायला हवं, कारण आपल्याकडे 'काही त्रास झाला तर या' एवढ्यावर भागवतात, आणि असं मोघम सांगणं न सांगण्यासारखंच. लघवीचाच रंग घ्या. रिफाम्पिसीनने लघवी नारिंगी होते आणि काविळीतही ती गडद होते. पहिल्यात काळजी नाही, दुसऱ्यात जिवाला धोका. या दोन्हीत फरक ओळखायचा तर आरशापुढे उजेडात उभं राहून खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. तो पांढरा असेल आणि भूक शाबूत असेल तर रंग औषधाचा. तो पिवळा झाला असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इतकं सोपं आहे, पण विदर्भात त्याला एक पुरवणी जोडावी लागते. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांचे डोळे एरवीही पिवळसर असतात. अशा माणसाच्या केसपेपरवर पहिल्या दिवशीच तशी नोंद हवी, नाहीतर एकाची औषधं उगाच बंद होतील आणि दुसऱ्याची खरी कावीळ 'हे तर नेहमीचंच' म्हणून सोडून दिली जाईल. पुस्तकातलं सांगणं आपल्या मातीत आणताना असं पुन्हा शिवावं लागतं. आणखी एक गोष्ट इथलीच. डोळे पिवळे झाले की आपला माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो, मुळी बांधतो, पाला खातो आणि गोळ्या मात्र चालूच ठेवतो, कारण गोळी चुकवायची नाही हे त्याला शंभर वेळा बजावलेलं असतं. ही कावीळ गोळ्यांची असू शकते हे त्याला एकदाही सांगितलेलं नसतं. आज्ञाधारक रुग्णाचाच असा घात होतो.

इथॅम्ब्युटॉल डोळ्यांच्या नसेवर परिणाम करतं. तो क्वचित होतो आणि वेळीच औषध थांबलं तर बहुधा भरून निघतो. त्याची पहिली खूण लाल-हिरव्यातला फरक पुसट होणं ही असते. स्वयंपाकघरात हिरवी मिरची आणि लाल मिरची शेजारी ठेवून एक डोळा झाकायचा, मग दुसरा. आठवड्यातून एकदा एवढं केलं तरी पुरे. आता हे औषध सहाही महिने असतं, म्हणून हे बघणंही सहा महिने. आयसोनियाझिडने तळपायाला मुंग्या येतात, जळजळ होते. त्यावर ब-सहा जीवनसत्त्वाची स्वस्त गोळी आहे. दारू पिणारा, मधुमेही, गरोदर बाई यांना ती पहिल्यापासून हवीच. पायराझिनामाइडने सांधे दुखतात, पण कापसाच्या वेचणीने कंबर मोडलेल्या बाईला हे दुखणं गोळीचं की कामाचं हे कळणार कसं, जर कुणी सांगितलंच नाही तर? आणि दुखतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक, पित्त होतं म्हणून पित्ताची गोळी, असं एकावर एक सुरू होतं. पित्ताच्या ज्या औषधांत ॲल्युमिनियम असतं ती टीबीच्या गोळीसोबत घेतली तर औषध नीट शोषलंच जात नाही. म्हणजे त्रासावरचा घरगुती इलाज उपचारच पातळ करून टाकतो.

रिफाम्पिसीनबाबत आणखी एक गोष्ट आहे, जी बायकांना जवळजवळ कुणीच सांगत नाही. हे औषध यकृताला इतर औषधं भराभर मोडून टाकायला लावतं. माला-एनसारखी गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर तिचा भरवसा राहत नाही. टीबीचा उपचार चालू असताना आणि संपल्यावरही महिनाभर तांबी किंवा निरोध असा दुसरा उपाय हवा. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा, फिटच्या औषधांचा, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा जोर असाच बदलतो. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर त्यांची मात्रा डॉक्टरांना बदलावी लागते. म्हणून पहिल्या दिवशी रुग्णाने घरात चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून आणावीत, असं मला फार वाटतं. तोंडी विचारलं तर बीपीची गोळी आठवते, माला-एन आठवत नाही. आणि मध्येच खंड पडला असेल तर फळीवरचं जुनं पाकीट स्वतःहून उघडू नये. खंडानंतर रिफाम्पिसीन पुन्हा घेतल्यावर क्वचित रक्तातल्या प्लेटलेट एकदम उतरतात, मूत्रपिंड बंद पडतं. चुकलेला माणूस रागावतील म्हणून दवाखान्यात येत नाही, चोरून पुन्हा गोळ्या सुरू करतो. रागावण्याची ही किंमत आहे.

मात्रेचंही तसंच. चार औषधांच्या या गोळ्या वजनावर ठरतात : २५ ते ३४ किलोला रोज दोन, ३५ ते ४९ ला तीन, ५० ते ६४ ला चार. चौतीस आणि पस्तीस यांच्यामध्ये एक आख्खी गोळी उभी आहे. वजनकाटा एका किलोने खोटा असेल, किंवा चपला आणि ओली छत्री हातात घेऊन वजन झालं असेल, तर कुपोषित बाईला तिच्या यकृताला झेपणार नाही एवढं औषध जातं, किंवा जंतूला पुरणार नाही एवढं कमी. आणि उपचाराने वजन वाढतं, वाढायलाच हवं. पाच किलो वाढून माणूस वरच्या गटात गेला तर गोळी वाढवायची असते. त्यासाठी त्याला पुन्हा काट्यावर उभं करावं लागतं. वजनाचा विषय निघाला की अन्नाचा निघतोच. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासात क्षयरुग्णाच्या घरातल्यांना पोषक शिधा दिला, तर त्यांच्यातलं नवं क्षयाचं प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी घटलं. रुग्णांपैकी ज्यांचं वजन सुरुवातीलाच वाढलं त्यांच्यात मृत्यूही बरेच कमी दिसले. क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले ते योग्यच झालं.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सगळ्यात जुना : इतकं सगळं सांगितलं तर खेड्यातला माणूस घाबरेल आणि गोळी घेणारच नाही. हा आक्षेप चांगल्या मनाचे डॉक्टरही घेतात. त्यांना मला यवतमाळ जिल्ह्यातल्याच २०१७ सालाची आठवण करून द्यायची आहे. त्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात आले. त्या डब्यांवर धोक्याच्या रंगाची खूण होती, आत घडी घातलेलं माहितीपत्रक होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. कायद्याच्या दृष्टीने सगळं सांगून झालेलं होतं. प्रत्यक्षात रोजाने पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाला कुणीही, त्याच्या बोलीत, त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं नव्हतं की फवारताना वाऱ्याच्या तोंडी उभं राहू नको, तोंडाला सारखं पाणी सुटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पंप खाली ठेव. ती माणसं भीतीने गेली नाहीत, अज्ञानात ठेवल्यामुळे गेली. आणि ज्याला कमी समजतं म्हणतात तोच माणूस एकराला किती पोती खत, पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली औषध, कोणतं कशात मिसळायचं नाही, हे सगळं तोंडपाठ ठेवतो. त्याला डोळ्याचा पांढरा भाग बघायला शिकवणं अवघड नाही. भीती वाटते ती न सांगितलेल्या गोष्टीची. लघवी लाल होणार हे सांगितलं म्हणून कुणी गोळी सोडत नाही; अचानक लाल झाली म्हणून सोडतो.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. रुग्ण बेजबाबदार आहेत, त्यांना समजावत बसण्यापेक्षा समोर गोळी गिळवून घ्या, जंतू हट्टी होतात ते यांच्या धरसोडीमुळे. यात सत्याचा अंश आहे, धरसोडीने जंतू हट्टी होतातच. पण धरसोड कुणाची? १९९१ मध्ये मुंबईतल्या १०० खासगी डॉक्टरांना टीबीचं औषध लिहायला सांगितलं तेव्हा त्यांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. जवळपास वीस वर्षांनी, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धारावीतल्या १०६ डॉक्टरांनी ६३ तऱ्हा लिहिल्या आणि बरोबर लिहिणारे फक्त सहा निघाले. मार्च २०२४ मध्ये देशभर गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करायला सांगितलं. त्या दिवसांत गोळी चुकली ती रुग्णामुळे नाही. आणि समोर गिळवून घेण्याने बरं होण्याचं प्रमाण वाढतं का, हे जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासलं गेलं आहे : स्वतःच्या हाताने घरी गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा ते ठळकपणे वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे ज्या कामात आपण सगळी मेहनत घातली त्याचा लाभ आपण समजतो त्याहून कमी आहे, आणि जे राहून गेलं त्याचा जास्त.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो : वेळ कुणाला आहे? बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते, एका रुग्णाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. खरं आहे. पण सिअ‍ॅटलमध्येही विचारत होत्या त्या परिचारिका, आणि दर महिन्याचे प्रश्न एका पोस्टकार्डावर मावतील इतकेच होते. आपल्याकडे आशाताई आहे, ती घरी जाते, तिला घर माहीत असतं, चूलही माहीत असते. आज तिच्याकडे नोंद मागितली जाते ती गोळी घेतली की नाही याची. त्याच रकान्याशेजारी भूक, उलटी, डोळे, दिसणं, मुंग्या असे पाच रकाने आले तर तिचा वेळ फारसा वाढणार नाही. पण त्या कामाचा मोबदला वाढला पाहिजे आणि तिने सांगितलं की त्याच दिवशी रुग्णाला बघणारा डॉक्टर पलीकडे हवा. नाहीतर विचारणं हा आणखी एक कागद होईल. कळंबहून यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन यायचं म्हणजे एक मजुरी बुडते. वेचणीच्या दिवसांत तर ती बुडवणं फार जड जातं. आणि सांगायचं ते कोणत्या भाषेत, हाही वेळेइतकाच मोठा प्रश्न आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, घरात कोलामी बोलतात. तिथल्या म्हाताऱ्या बाईला 'यकृताचा दाह' म्हणून काही कळणार नाही, 'कावीळ' कदाचित कळेल, पण तिच्या भाषेत तिच्या नातवाने सांगितलं तर नक्की कळेल. त्या नातवाला आधी कुणीतरी सांगितलेलं असायला हवं.

उपाशीपोटी गोळी घेण्याचंच पाहा. अन्नासोबत रिफाम्पिसीन कमी शोषलं जातं म्हणून ते उपाशीपोटी द्यायचं. पण पहाटे भाकरी बांधून शेतात निघणारी बाई रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन दोन किलोमीटर चालली की तिला उलटी होते. मग ती गोळीच सोडते. तिच्याशी बोललं तर गोळीची वेळ रात्री झोपण्याआधीची ठरवता येते, जेवणानंतर दोन तासांनी. तेही नाही जमलं तर थोडं खाऊन घ्या, पण घ्या, असं सांगायचं स्वातंत्र्य डॉक्टरांना आहे. हा तोडगा कोणत्याही परिपत्रकातून तिच्यापर्यंत पोचणार नाही. तिला 'किती वाजता निघता' असं विचारलं तरच तो सापडतो.

हे सगळं आणखी निकडीचं झालं आहे, कारण आता रुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांनाही प्रतिबंधक उपचार देतात : सहा महिने रोज आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन, बारा मात्रा. मला हे धोरण पटतं. पण आजारी माणसाला औषध देताना आपण जो धोका पत्करतो तो धडधाकट माणसाच्या बाबतीत पत्करता येत नाही. कॅपिटॉल हिलवर गेलेले दोघे आजारी नव्हते. ज्याला काहीच होत नाहीये त्याला आपण औषध देतो तेव्हा त्याला खुणा सांगण्याची जबाबदारी दुप्पट होते.

शेवटी मुंबईतली एक गोष्ट, कारण विचारण्याने एका रुग्णाचा जीव वाचतो त्याहून मोठं काही घडतं हे तिच्यात दिसतं. हट्टी क्षयासाठी वर्षानुवर्षं कॅनामायसीनची इंजेक्शनं दिली जात. त्यांनी कानातल्या ऐकण्याच्या पेशी कायमच्या मरू शकतात. सुरुवातीला कानात शिट्टी वाजल्यासारखं होतं, मग उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि एकदा गेलेलं ऐकणं परत येत नाही. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांनी २०१३ मध्ये अशीच श्रवणशक्ती गमावली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही तेच झालं होतं. अशा बहिऱ्या झालेल्या रुग्णांची गणती होऊ लागली, ते स्वतः बोलू लागले, आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसीन बाजूला करून तोंडी घ्यायच्या बेडाक्विलिनला अग्रस्थान दिलं. या दोघींनी मिळून बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याला भारतात हरकत घेतली आणि २३ मार्च २०२३ ला पेटंट कार्यालयाने ती मुदतवाढ फेटाळली. स्वस्त गोळ्यांचा रस्ता त्यामुळे मोकळा झाला. तोवर कान जाणं ही बरं होण्याची किंमत म्हणून मुकाट्याने स्वीकारली जात होती. कुणीतरी मोजलं, म्हणून ती किंमत जास्त आहे हे जगाला कळलं आणि औषधच बदललं.

कळंबच्या रुग्णाचा त्रासही असाच मोजला जाऊ शकतो. देशात २०१० पासून औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्याची राष्ट्रीय व्यवस्था आहे. तिचा निःशुल्क फोन १८००-१८०-३०२४. तिचा अर्ज मराठीतही मिळतो आणि तो डॉक्टरांनीच भरावा असं बंधन नाही, रुग्ण किंवा घरचं माणूसही भरू शकतं. टीबीविषयी काहीही विचारायचं असेल तर निक्षयचा क्रमांक १८००-११-६६६६. हे दोन आकडे गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून देता येतील, पहिल्या दिवशी, लघवी लाल होणार आहे हे सांगताना.